यंत्राला न कळणारा फोन

"मशिनीला आमचं बोलणं कळत न्हाई, त्यात तुझा काय दोष?" साळुबाईंनी तव्यावर भाकरी टाकत विचारलं.

"दोष नाही गं. पण ती सुधारली नाही तर काम बंद. मग मला चेन्नईच्या ऑफिसात पाठवतील," गोरख म्हणाला.

साळुबाईंचा हात तसाच राहिला. पुण्याच्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम करणारा त्यांचा एकुलता एक मुलगा दर शनिवारी बोरी बुद्रुकला घरी यायचा. चेन्नईहून दर शनिवारी कोण येतं? त्या विचारात पडल्या आणि भाकरी करपली.

कंपनीचं यंत्र तसं गुणी होतं. फोन लावायचा, पीक आणि बाजार तोंडानं सांगायचा, की ते गोड आवाजात भाव सांगणार. फक्त ते शिकलं होतं शहरी माणसांच्या आवाजावर. खऱ्या शेतकऱ्यानं तोंड उघडलं की ते आपलं "माफ करा, पुन्हा सांगा" म्हणत बसायचं. यावर उपाय एकच, गावाकडचं रोजचं बोलणं भरपूर रेकॉर्ड करून त्याला ऐकवायचं. जितकं ऐकेल, तितकं त्याला कळेल.

गोरखनं रविवारी ओसरीवर रेकॉर्डर मांडला. पहिले आले सरपंच कुंडलिकराव, कडक इस्त्रीची टोपी घालून. घसा खाकरून म्हणाले, "माननीय यंत्र महोदय, नारायणगाव येथील टोमॅटोचा आजचा दर कृपया कथन करावा."

"सरपंच, असं कोण बोलतं? रोजच्यासारखं बोला की."

"रोजच्यासारखं? आन् पुण्याची पावणं ऐकणार ते! गावाची काय इज्जत हाय का न्हाई?"

बोरीत पाहुण्याच्या चहात साखर जास्त पडते आणि बोलण्यात त्याहून जास्त. सगळी आळी नटूनथटून आली आणि छापील बोलून गेली. शेजारच्या ठकूबाई एरवी ओढ्यापलीकडच्या म्हशीला घरातून हाक मारत. त्या नव्या नवरीसारख्या कुजबुजल्या. खुद्द साळुबाईंनी "आपली नम्र" म्हणून शेवट केला. गोरख वैतागून आत जेवायला गेला आणि रेकॉर्डर बंद करायचं विसरला.

तेवढ्यात ठकूबाईंची शेळी साळुबाईंच्या कोथिंबिरीत शिरली.

"ठके, बांध तुझी शेळी! वाफा निम्मा खाल्ला की गं!"

"खाल्ली तर काय झालं? तुझ्या कोथिंबिरीला कळंबचं गिऱ्हाईक फुकाट बी न्हेत नव्हतं!"

"आन् तुझ्या टोमॅटोला नारायणगावात काय भाव आला, सांगू का समद्यांना?"

सरपंच सोडवायला आले. त्यांच्या कांद्याचा विषय निघाला आणि तेही टोपी काढून भांडणात उतरले. मग आळीतलं कोणी मागे राहिलं नाही. तालुक्यातलं प्रत्येक पीक आणि प्रत्येक बाजार त्या भांडणात येऊन गेला. जेवून बाहेर आलेल्या गोरखला रेकॉर्डरचा लाल दिवा दिसला. त्यानं तो उचलून छातीशी धरला आणि पुण्याला नेऊन, आधीचं शहरी बोलणं पुसून, सगळं भांडण यंत्राला पाजलं.

महिन्याभरानं उज्ज्वला मॅडम, म्हणजे गोरखच्या साहेब, स्वतः यंत्राची परीक्षा घ्यायला गावात आल्या. देवळासमोर फोनला स्पीकर जोडला. पाहुण्या आल्यावर व्हायचं तेच झालं. सरपंच पुन्हा टोपी सावरून "यंत्र महोदय" म्हणाले.

"माफ करा, पुन्हा सांगा."

ठकूबाई लाजत कुजबुजल्या.

"माफ करा, पुन्हा सांगा."

मॅडम हळूच म्हणाल्या, "गोरख, मला वाटतं आता चेन्नईची तयारी कर."

साळुबाईंनी ते ऐकलं आणि पदर खोचून त्या फोनसमोर उभ्या राहिल्या. "भवाने! येवढी माणसं हात जोडून इचारत्यात. नारायणगावला टोमॅटोचा काय भाव हाय, येवढं सांगाया तुझी जीभ झडली व्हय? तुझ्यापायी माझं पोरगं चाललंय मद्रासला!"

"नारायणगाव. टोमॅटो," यंत्र गोड आवाजात म्हणालं आणि त्यानं मुकाट्यानं भाव सांगितला.

देवळासमोर जो आरडाओरडा झाला, त्यातलाही अर्धा यंत्राला कळला. मॅडमनी मग स्वतः विचारून पाहिलं, अगदी सौम्यपणे. यंत्रानं माफी मागितली.

"जरा वरडून म्हना, म्याडम," ठकूबाईंनी समजावलं. "वाफ्यात शेळी शिरलीय असं समजा."

चेन्नई टळली. आंबेगावपर्यंतची माणसं यंत्राला झापून भाव विचारू लागली, आणि गोरखचं काम इतकं वाढलं की शनिवारीही सुटका होईना. साळुबाई ताट झाकून वाट बघायच्या आणि शेवटी एकट्याच जेवायच्या. आपल्या जिभेनं वाचवलेलं पोरगं त्याच जिभेनं गमावलं, असं त्यांना वाटायला लागलं.

"काय करू आई," गोरख फोनवर म्हणाला. "मशिनीला जे कळत नाही, ते सगळं मलाच ऐकावं लागतं. त्याशिवाय ती सुधारत नाही."

"समदं तूच ऐकतोस?"

"शब्दन् शब्द."

"बरं," साळुबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी गोरखला बोलावलं. "अचूकपणा घसरतोय. बोरीतला एक नंबर सारखा फोन करतो आणि यंत्राला त्यातलं ओ की ठो कळत नाही. ऐक जरा."

गोरखनं हेडफोन कानाला लावला.

"गोरख, जेवलास का? मेथी केली व्हती, तुझी लई याद आली. ठकूची शेळी व्याली. अंगावर दुखणं काढू नगंस."

मग यंत्राचा आवाज, "माफ करा, पुन्हा सांगा." साळुबाईंनी ते सगळं पुन्हा सांगितलं होतं.

गोरखनं हेडफोन काढून ठेवला. "मॅडम," तो कसाबसा म्हणाला, "हा बिघाड जागेवर जाऊनच काढावा लागेल."

"एकदा जाऊन निघेल?"

"नाही. दर शनिवारी जावं लागेल."

मॅडमनी तो आवाज केव्हाच ओळखला होता. त्या फक्त "जा" म्हणाल्या.

शनिवारी साळुबाईंनी ताटात मेथी वाढली आणि साळसूदपणे विचारलं, "सुधारली का रं मशीन?"

"सुधारतेय. तुझं हे बोलणंही तिला शिकवू का? मग तेही कळेल तिला."

"नगं बाबा," साळुबाई घाईनं म्हणाल्या. "तिला काय करायचंय आपल्या घरातलं?"