तीन गुणांची खिडकी

कवठे येमाईच्या श्रीमती अनसाबाई, वय अंदाजे ब्याऐंशी, यांना घरच्यांकडून कितपत धोका आहे, हे मोजायला शिरूरच्या सरकारी कचेरीतून माणूस येणार असल्याची लेखी सूचना आठ दिवस आधी घरच्यांनाच देण्यात आली. नियमच तसा होता. ज्यांच्यापासून धोका, त्यांना वेळेवर कळवलं नाही तर घराला कुलूप असतं आणि मोजणाऱ्याची फेरी फुकट जाते.

सूचना मिळाल्यावर सुनेनं, साधनानं, सासूच्या खोलीतली गादी उन्हात टाकली आणि धुतलेलं पातळ घडी करून उशाशी ठेवलं. मुलानं, भिमाजीनं, खोलीच्या दाराच्या कडीला तेल दिलं. कडी बाहेरून होती.

या कडीचं असं झालं. दोन वर्षांपूर्वी गावावरून मेंढरांचा एक कळप गेला. अनसाबाईंचं माहेर मेंढरांमागं फिरणारं, सासरही तसंच. लग्नानंतरची वीस वर्षं त्यांनी घोड्यावर बिऱ्हाड बांधून, आज या शिवारात तर उद्या त्या शिवारात, अशी काढली होती. पुढं जमीन आली, विहीर झाली, पत्र्याचं घर झालं आणि मेंढरं विकली. माणसं स्थिर झाली, पण अनसाबाईंचे कान काही स्थिर झाले नाहीत. त्या दिवशी कुत्र्याचं भुंकणं आणि पाठोपाठ कोकरांचा गलका कानावर आला, तशी त्यांनी पायात वहाणा सरकवल्या आणि निघाल्या.

भिमाजीनं तीन गावांतून मोटारसायकल फिरवली. दिवस मावळताना आई सापडली ती एका उसाच्या खोडव्यात, मांडीवर कोकरू घेऊन, त्याला बाटलीनं दूध पाजताना.

"आये, लोक काय म्हणतील?"

"काय म्हणत्यात? चांगली बाजरीची भाकरी दिली त्यांनी. वर आनी ठेचा."

भिमाजी वाईट माणूस नव्हता. आईचे दात गेल्यावर तो आठवणीनं पिकलेली केळी आणायचा आणि न्हाणीत धरायला त्यानं स्वतः पाइप बसवला होता. पण तो कारखान्यात सुरक्षा समितीवर होता. कारखान्याच्या फाटकावर फळा होता, त्यावर अपघाताविना गेलेल्या दिवसांचा आकडा रोज बदलायचा. तो आकडा बदलण्याचं काम भिमाजीकडं होतं. रोज सकाळी तो आकडा एकनं वाढवणाऱ्या माणसाची स्वतःची आई खोडव्यात सापडते, हे त्याच्या मनाला फार लागलं. दुसऱ्या दिवशी कडी बसली. सकाळी तो कामावर जाताना कुलूप लावी. साधना अंगणवाडीत गावची पंचवीस पोरं सांभाळायला जाई आणि दुपारी येऊन कुलूप काढी.

मधल्या वेळेला अनसाबाईंना एक खिडकी होती. ती शेजारच्या लालमहंमदच्या अंगणात उघडायची. लालमहंमद त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. त्याचा बाप त्यांच्या सासऱ्याकडून लोकर विकत घ्यायचा, तेव्हापासूनचा घरोबा. आता त्याच्याकडं चार शेळ्या होत्या आणि त्या चारींवरून त्याचं सुनेशी, गुलशनशी, रोज भांडण व्हायचं. अकराच्या सुमाराला गुलशन खिडकीच्या गजांतून चहाची वाटी आत सारायची आणि तिथंच उभी राहून भांडण पुढं चालवायची.

"चाची, सांगा ना यांना. माझ्या वाळवणावर शेळी सोडली."

"आक्का, वाळवण शेळीच्या वाटंत कुणी घातलं, ते बी इचारा हिला."

अनसाबाई दोघांनाही दोष देत आणि चहा संपवत. त्यांचा दिवस तिथंच उगवायचा.

ठरल्या दिवशी धनश्री नावाची जोखीम मूल्यमापन सहायक आली. हातात टॅब, टॅबमध्ये शंभर गुणांचा फॉर्म. जितके गुण जास्त, तितका धोका जास्त. पोरगी गरीब स्वभावाची होती. दिवसाला बारा घरं करायची होती आणि टॅबची बॅटरी एकोणीस टक्क्यांवर आली होती. सूचनेप्रमाणे प्रश्न कुटुंबाच्या उपस्थितीत विचारायचे होते, म्हणजे वयस्कर व्यक्ती घाबरत नाही. म्हणून भिमाजी उशाशी उभा राहिला आणि साधना पायथ्याशी.

"आजी, घरात कुणाची भीती वाटते का?"

अनसाबाईंनी वर मुलाकडं पाहिलं. "त्यो हुबा हाय तवर मी काय सांगू?"

"म्हणजे नाही." शून्य.

"वर्षभरात कितीदा पडलात?"

"पडाय आधी चालावं लागतं, पोरी."

शून्य.

"घरात भांडणं होतात?"

"माझ्याशी बोलतंय कोण?"

शून्य.

पुढचा प्रश्न आला: वयस्कर व्यक्तीस कोंडून ठेवले जाते काय? त्याच्याखालीच दुसरा होता: वयस्कर व्यक्तीच्या सुरक्षेसाठी कुलूप आहे काय? पहिल्याला 'होय' म्हटलं तर वीस गुण चढायचे आणि दुसऱ्याला 'होय' म्हटलं तर एकही चढायचा नाही. टॅब दोन्हीकडं 'होय' घेत नव्हता. धनश्री घुटमळली. भिमाजी म्हणाला, "मॅडम, कोंडत न्हाई. सुरक्षेसाठीच लावतो." दुसऱ्या प्रश्नाला फोटो जोडायची सोय होती, पहिल्याला नव्हती. धनश्रीनं कुलपाचा फोटो काढला. तेल दिल्यामुळं कडी छान चमकली.

शेवटी बेरीज आली. शंभरपैकी तीन. हिरवा रंग.

भिमाजीचा चेहरा उतरला. "तीन कशाचे?"

"बाह्यसंपर्काचे. खिडकीतून परकं माणूस बोलतं ना. तसं तीन म्हणजे काहीच नाही हो."

"आमच्यात तीन अपघात झाले तर मॅनेजर फळ्याखाली उभं करतो," भिमाजी म्हणाला.

मग धनश्री शेजारच्या अंगणात गेली आणि अनसाबाई गज धरून पाहत राहिल्या. लालमहंमदच्या कोपराला खरचटलं होतं: सहा गुण. शेळीमागं धावताना पडला होता, या महिन्यात दोनदा: बारा गुण. एकटा एसटीनं शिरूरच्या बाजाराला जातो: पंधरा. अख्ख्या गावाशी बोलतो: पंचवीस. घरातलं भांडण रस्त्यापर्यंत ऐकू येतं: अठरा. बेरीज शहात्तर. टॅब लाल झाला आणि त्यानं आपणहून बारीक घंटी वाजवली.

"यांना सुनेपासून गंभीर धोका आहे," धनश्री वाचून म्हणाली. "संरक्षण योजना निघेल. शेजारच्यासारखं कुलूप बसवून घ्या."

गुलशननं कमरेवर हात ठेवले. "माझ्यापासून? ओ मॅडम, काल याच म्हाताऱ्यानं माझ्या अंगावर बादली फेकली! आन् यांना कोंडल्यावर मी भांडू कुणाशी, भिंतीशी?"

सून भांडणाची सवय सोडण्यास तयार नाही: अधिक पाच. एक्क्याऐंशी.

"पोरी," अनसाबाई खिडकीतून म्हणाल्या, "तू उलटं मोजतीस."

धनश्री वळली.

"आमी रानात तळ टाकायचो ना, तवा कोकरांना जाळीच्या वाघरंत कोंडायचो. सांच्याला समदी वरडायची, कान किटायचं. माझी सासू म्हणायची, वरडतंय त्याच्याकडं बघू नगंस, त्याला भूक हाय म्हंजी ते जित्तं हाय. गप बसलंय त्याला आधी उचल. गप कोकरू म्हंजी काय तरी बिनसलंय. दोनशे कोकरांत एक गप असलं तरी आमाला कळायचं, न बघता."

धनश्रीनं टॅबवर वरखाली बोट फिरवलं. तिनं खरंच शोधलं. "आजी, फॉर्ममध्ये कोकराचा रकाना नाही हो," ती म्हणाली. बॅटरी चार टक्क्यांवर होती.

पुढचं सगळं नियमानं झालं. रविवारी भिमाजीनं खिडकीला प्लायवूड ठोकलं.

"अहो, हवा?" साधना म्हणाली. "त्या दोघांचं ऐकून जरा हसतात तरी."

"पत्र्याला फट हाय की. आन् मी काय हौसेनं करतोय का? तीन गुण हायती तिथं."

शेजारी लालमहंमदच्या मुलानं, आरिफनं, आधी दुर्लक्ष केलं. पण लाल घरांची यादी ग्रामसभेत वाचली जाणार असं कळलं, तसा तोही शिरूरहून कुलूप घेऊन आला. लालमहंमद आठवडाभर आतून दार बडवत होता. नंतर शेळ्याही विकाव्या लागल्या, कारण मालक आत असताना त्यांना चरायला कोण नेणार? गुलशन अंगणात एकटीच वाळवण घालू लागली. कुणी तुडवत नव्हतं. तिमाही फेरीत त्यांचं घर पिवळं झालं.

तक्रारीसाठी एक फोन क्रमांक होता. साधनानं एकदा भिमाजी नसताना तो सासूला लावून दिला. पलीकडच्या बाईनं सांगितलं, तक्रार नोंदवायला कुटुंबप्रमुखाच्या मोबाइलवर ओटीपी येईल, तो सांगा. ओटीपी कारखान्यात भिमाजीकडं गेला. त्यानं जेवणाच्या सुट्टीत फोन करून विचारलं, "आये, तुला काय पायजे होतं का?"

"चहा," अनसाबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून साधना थर्मास भरून ठेवू लागली. थर्मास भांडत नव्हता.

पण अनसाबाईंचा गळा अजून शाबूत होता. रानात एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर हाळी द्यायची, आणि हाळीला हाळीनंच उत्तर द्यायचं, ही रीत. उत्तर दिलं नाही तर ऐकणारा माणूसच नव्हे. अकरा वाजले असावेत असं वाटलं की त्या पत्र्याच्या फटीकडं तोंड करून हाळी देत. "हुर्र्र... व्होऽऽ!" दोन भिंतींपलीकडून लालमहंमदचं उत्तर येई, "व्होऽऽ आक्का!" एवढंच. दोन्ही घरचे मुलगे आणि साधना तेव्हा कामावर असत आणि गुलशन कुणाला सांगत नसे, त्यामुळं याची नोंद कुठं झाली नाही.

वार्षिक मूल्यमापनात अनसाबाईंना शून्य गुण मिळाले. तालुक्यात असं पहिलंच घर. भिमाजीनं कारखान्यात पेढे वाटले.

शून्य म्हटल्यावर लोकांना पाहावंसं वाटणारच. दौंड तालुक्यात तेव्हा एकही शून्य नव्हतं, म्हणून तिकडून अभ्यासदौरा निघाला. दोन बसमधून चाळीस जण आले. पाटसहून सोपानराव आले होते, दौऱ्याचे प्रमुख, मोठे बागाइतदार. शिरूरचे जोखीम समन्वयक सत्यजीत माहिती द्यायला उभे राहिले. साधनानं रांगोळी काढली होती. माणसं ओळीनं दारापाशी येत, कुलूप पाहत, त्याच्यासोबत फोटो काढत. कुलूप कोणत्या कंपनीचं, असं दोघांनी विचारून लिहून घेतलं.

"आजी कुठं आहेत?" मागून कुणीतरी विचारलं.

"आत," सत्यजीत म्हणाले. "भेटता येणार नाही. माणशी तीन गुण. चाळीस माणसांचे एकशेवीस होतील. फॉर्म शंभराचाच आहे."

हे सर्वांना पटलं.

आत अनसाबाई कानोसा घेत होत्या. इतकी पावलं त्यांनी वर्षभरात ऐकली नव्हती. तेवढ्यात सोपानराव भिमाजीला म्हणाले, "आपुन एकाच जातकुळीतलं, बरं का. आमच्या आज्याची बी सातशे मेंढरं होती. आमची आई तर वाघरंतच जन्मली म्हणायची." अनसाबाई उठून बसल्या. त्यांनी फटीकडं तोंड केलं आणि जीव एकवटून हाळी दिली.

सोपानरावांची मान ताडकन वळली. तोंड उघडलं, छाती भरली. पोटातून उत्तर वर आलंच होतं. पण आजूबाजूला चाळीस माणसं, गळ्यात दौऱ्याचं ओळखपत्र. त्यांनी खोकून घेतलं.

"टीव्ही असेल," सत्यजीत घाईनं म्हणाले.

"व्होऽऽ आक्का!" शेजारच्या बंद घरातून उत्तर आलं.

अनसाबाई थांबल्या. दाराबाहेरच्या माणसाचं उत्तर आलं नव्हतं. ओरडण्याचं यांना काही नाही, त्यांना वाटलं. पण हा वाघरंतल्या बाईच्या पोटचा आहे. गप्प बसलेलं याला कळल्याशिवाय राहायचं नाही. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि गप्प झाल्या.

एक मिनिट गेलं. "आक्का?" शेजारून आवाज आला. मग जरा मोठा, "आक्का वो!" आणि मग दारावर मुठी. "अरं कोण हाय का तिथं? म्हातारी गप का झाली? आधी तिला बघा! गुलशन! आरिफ! कुणी तरी बघा रं तिला!"

"हे पिवळं घर," सत्यजीत म्हणाले. "फरक तुमच्या लक्षात आलाच असेल."

सोपानराव पुढं झाले. त्यांनी दाराला कान लावला. अनसाबाईंना त्यांचा श्वास ऐकू येत होता, एका फळीच्या अंतरावर. त्यांनी आपला श्वासही आवरून धरला.

"अजिबात आवाज न्हाई," सोपानराव हळूच म्हणाले. त्यांचा हात कुलपावर गेला होता. कसली तरी जुनी गोष्ट आठवावी आणि शेवट आठवू नये, तसा चेहरा झाला होता. क्षणभर त्यांनी कुलूप मुठीत धरलं. मग सोडलं. खिशातून मोबाइल काढला आणि पाटसला घरी लावला.

"कोण, मल्हार? आज्जी काय करतीय रं? ... बघ की जरा, दाराला कान लाव. ... काय आवाज येतोय का? ... न्हाई?"

त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. "आमच्याकडं बी शांत हाय," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. चार जणांनी टाळ्या वाजवल्या. मग नाश्ता झाला आणि बस गेल्या.

अनसाबाई अजून गप्पच आहेत. कुणीतरी ओळखेल म्हणून वाट बघताहेत.

आणि तुम्ही एवढा वेळ निवांत वाचत बसलात, मधेच कुणी हाक मारली नाही, कुणी पाणी मागितलं नाही, आतल्या खोलीतून साधा खोकलाही आला नाही. म्हणजे तुमचेही शून्य गुण. अभिनंदन. पान उलटा.