शंकरतात्या आणि रंगी

आमचे शेजारी शंकरतात्या लग्नाला पळत जातात. म्हणजे खरोखरच पळत. माझ्या पुतणीचं लग्न मिरजेला होतं. आम्ही माधवनगरहून गाडीनं निघालो. तात्या आमच्या आधी दीड तास, अर्ध्या चड्डीत. आम्ही पोचलो तेव्हा पाठीवरच्या पिशवीतला इस्त्रीचा शर्ट चढवून ते कार्यालयाच्या दारात आमच्याच स्वागताला उभे!

तात्या मूळचे वडूजकडचे. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, वय बासष्ट. वहिनी सात वर्षांपूर्वी गेल्या, मुलगी पुण्यात. तात्यांना अंतर विचारलं तर उत्तर मिनिटांत मिळतं. "किराणा दुकान? चार मिन्टं. तुमाला धा लागतील, मास्तर." हे माझ्या पोटाकडं बघून.

गेल्या हिवाळ्यात साताऱ्याजवळच्या डोंगरात पन्नास किलोमीटरची शर्यत होती. साठीच्या वरच्या गटात तात्या दोनदा चौथे आलेले. "या बारीला तिसरा काढतोच," म्हणून मला ड्रायव्हर करून घेऊन गेले.

शेवटचे दहा किलोमीटर उरतात तिथं मी केळी घेऊन उभा होतो. तात्या आले. मागं एक हडकुळी, तांबूस कुत्री.

"तीन डोंगार झालं, माग सोडंना. 'पीछे मुड' म्हनलं तरी मुडंना. डिसिप्लिन म्हनून न्हाई!" असं ओरडत त्यांनी अर्धं केळं तिलाच दिलं. "तिसरा हाय मी, मास्तर!" आणि दोघं निघाली.

मी शेवटच्या रेषेपाशी जाऊन थांबलो. साठीच्या गटातला तिसरा आला, चौथा आला, पाचवा आला. वेळ संपली. पोरं कमान सोडवायला लागली, तेव्हा तात्या चालत आले. जखमी जवानाला उचलावं तशी कुत्री खांद्यावर. काचेनं तिचा पंजा चिरला होता, त्यावर तात्यांचा रुमाल.

"हिनं माझा नंबर घालवला!" तात्या गरजले. "पाय बरा झाला की हितंच आनून सोडतो बगा!"

पाय पंधरा दिवसांत बरा झाला. तात्या मात्र "अजून लंगडती" म्हणत राहिले. त्या वेळी ती आमच्या कुंपणावरून उड्या मारत खारीमागं लागलेली असायची. तोवर तिचं नाव रंगी पडलं होतं.

एका रविवारी तात्या दारात आले. "मास्तर, गाडी काडा. ती कुनाची असंल तर? दुसऱ्याची ठिवून घेनं बरं न्हाई."

डोंगराच्या पायथ्याशी, ती भेटली होती त्या गावातल्या चहाच्या टपरीसमोर मी गाडी थांबवली. तात्या उतरेनात. रंगी मांडीवर, नजर समोरच्या काचेवर.

"तुमी इचारा."

"आवं, तुम्ही या की."

"न्हाई. पाय भरल्यात."

पन्नास किलोमीटर पळणारा माणूस गाडीत बसून मला हे सांगत होता!

टपरीवाल्या बाईनं गाडीत डोकावून पाहिलं. "ही व्हय? कुनाची न्हाई. उकिरड्यावर असायची. न्या की."

मी येऊन सांगितलं. तात्यांनी नुसती मान हलवली. कराड मागं पडलं. रंगी झोपून गेली होती.

"सात वर्सं घराचं कुलूप काडतोय, मास्तर," ते हळूच म्हणाले. "आत नुसतं घड्याळ वाजायचं. आता किल्ली लावायच्या आदीच ही आतनं वरडती."

झोपलेल्या रंगीच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला.

"खरं सांगू? हल्ली मी उगंच भायेर जातो. परत यायला मिळतं म्हनून."