तीन वाजू द्या

पिठाचा डबा कमरेवर घेऊन मी गिरणीतून घरी येत होते. खताच्या दुकानवाल्या शेठच्या फाटकापाशी आले आणि डबा हातातून सुटायचाच राहिला. फाटकाच्या आत, भिंतीला टेकून, गोणपाटावर आमच्या शेजारच्या हिराजिजी बसल्या होत्या. बाजूला खिळ्याला एक रिकामी साखळी. पुढ्यात जर्मनची थाळी. थाळीत अर्धी भाकर.

अवं माय! तळोद्यात मुलींच्या वसतिगृहावर पंचवीस वर्षं अधीक्षिका राहिलेली बाई. जिच्या नुसत्या चपलेच्या आवाजानं शंभर पोरी गप होत, ती लोकांच्या दारात भाकर खात बसलीय?

"जिजी, काय व्हयनं?" मी ओरडलेच.

जिजींनी मान वळवली नाही. ओठ न हलवता म्हणाल्या, "मी आज एकवीस नंबर शे. मन्हासंगे बोलू नको."

मी शेठकडे पाहिलं. ते बिचारे ओट्यावर हात जोडून उभे. "सरलाताई, तुम्ही तरी सांगा त्यांना. सकाळपासून खुर्चीवर बसा म्हणतोय. बाजार भरलाय आज, सगळं गाव बघून चाललंय. मी फक्त एक कुत्रं मागितलं होतं हो!"

आता तुम्हाला पहिल्यापासून सांगते, नाहीतर मला जसा धक्का बसला तसाच तुम्हालाही बसेल.

आमचे हे तळोदा-धडगाव जीप चालवतात. घाटात गाड्यांखाली कुत्री येतात. कुणाचा पाय जातो, कुणाची कंबर. पूर्वी जीपवाले बघून न बघितल्यासारखं करत. जिजी रिटायर झाल्या आणि घरी बसून कंटाळल्या. एक दिवस ह्यांनी सहज असलं एक जखमी पिल्लू त्यांच्या अंगणात आणून ठेवलं. झालं! तेव्हापासून साऱ्या जीपवाल्यांना वाट सापडली. जिजी डॉक्टरला बोलवणार, मलमपट्टी करणार, महिना-दोन महिने सांभाळणार, आणि कुत्रं उभं राहिलं की त्याला घर बघून देणार.

पण नाव ठेवणार नाही. वसतिगृहाची सवय, नंबर देणार. थाळीवर नंबर, गोणपाटावर नंबर. रोज संध्याकाळी अंगणात हजेरी. "अठरा! एकोनीस! ईस कोठे गया रे?" आणि खरं सांगते, वीस नंबर पळत येऊन बसायचा. माझी लेक दहा हाका मारल्याशिवाय कधी उठली नाही.

मी एकदा विचारलं, "जिजी, बिचाऱ्यांना चांगलं मोती-बिती नाव तरी ठेवा."

"नाव घरवाला ठेवतीन," त्या म्हणाल्या. "नाव ठेवं का जीव गुतस. यासले तर जावानं शे."

जायचं खरं, पण जायचं कुठं, ही त्यांची मोठी परीक्षा. कुणी कुत्रं मागायला आला की जिजी विचारायच्या, "कोठे बांधशी?" तो जागा दाखवायचा. मग जिजी सूर्य उगवताना गोणपाट घेऊन त्या जागेवर जाऊन बसायच्या. दिवे लागेपर्यंत उठायच्या नाहीत. काही मागायच्या नाहीत. कुत्र्याला जे द्याल ते मला द्या, आणि मी जिजी नाही, कुत्रंच आहे असं समजा, एवढंच सांगणं. आमच्या नंदुरबारकडचं ऊन तुम्हाला माहीत नसेल तर मी काय सांगू! चैत्रात दुपारी लोखंडी फाटकाला हात लावून बघा एकदा.

त्या दिवशी शेठ नापास झाले. मी म्हटलं, "अहो, एवढी भाकर दिली, पाणी दिलं, हात जोडले माणसानं!"

"सकायले समदाच चांगला ऱ्हातस," जिजी गोणपाट झटकत म्हणाल्या. "तीन वाजू द्या. तीन वाजनात का मंग मानूस खरा दिसस."

हे त्यांचं पेटंट वाक्य. तीन वाजू द्या. कुणी नव्या सुनेचं कौतुक केलं की तीन वाजू द्या. कुणी निवडणुकीला उभा राहिला की तीन वाजू द्या. मला आधी वाटलं बाईचं उन्हानं डोकं फिरलं. मग शहाद्याच्या एका सरांच्या बंगल्यावरची गोष्ट कळली, आणि मी डोक्याला हातच लावला.

त्या सरांनी जिजींना काय काय केलं म्हणून सांगू! सकाळी गादी आणली. जिजींनी परत पाठवली. टेबलफॅन बाहेर आणून लावला. पोह्यांवर शेव. सरांच्या मिसेसनी चारदा येऊन विचारलं, काही हवंय का. जेवणं झाली, सगळे आत गेले, कूलर लागला, दाराला कडी लागली. तीन वाजता सावली सरकली आणि जिजी सगळ्या उन्हात. पाण्याचं भांडं कडकडीत कोरडं. साडेपाचला दार उघडून सर चूळ भरायला बाहेर आले आणि दचकून ओरडले, "अरे बापरे! जिजी, तुम्ही अजून इथंच?"

अहो, दारात बसलेल्या माणसाला विसरले! कुत्र्याचं तर काय झालं असतं.

उलट धडगावच्या वरच्या अंगाला एका पावरा आदिवासी म्हाताऱ्याकडे आमचे हेच जिजींना जीपनं घेऊन गेले. त्यानं ना गादी दिली, ना पंखा. दुपारी भाकर दिली, तीही स्वतःच्या ताटातली मोडून. तीन वाजता सावली सरकली तसा उठला, आपली खाट ओढत आणून जिजींच्या उन्हाच्या आड लावली, आणि तिच्यावर पाठ करून झोपला. जिजींनी दिवे लागायचीसुद्धा वाट पाहिली नाही. तेवीस नंबर त्याच आठवड्यात घाट चढून त्याच्याकडे गेला. म्हाताऱ्यानं त्याचं नाव राजा ठेवलं असं ऐकून जिजी दोन दिवस उगीचच माझ्याशी भांडत होत्या.

तर असं सगळं बरं चाललेलं असताना कुणा कारट्यानं मोबाईलवर व्हिडिओ काढला. बाजारपेठेत एका घराच्या पायरीवर, उन्हात, थाळी पुढे घेऊन बसलेली म्हातारी. खाली लिहिलं, 'सुरतेत मुलगा मॅनेजर, आई तळोद्यात दारोदार.' शिव शिव! तो व्हिडिओ फिरत फिरत सुरतेला मनोजच्या, म्हणजे जिजींच्या एकुलत्या मुलाच्या, मोबाईलवर जाऊन पडला.

दुसऱ्या दिवशी त्याची गाडी दारात. पोरगं अक्षरशः रडायला आलेलं. "माय, काय लाई ठेवं तू हाई? मी तुले भाकर देत नई का?"

जिजींना समजावून सांगता येईना. शेवटी म्हणाल्या, "बरं. अखाजी व्हऊ दे. येस मी."

आमच्याकडे अखाजी म्हणजे मोठा सण, अक्षय्य तृतीया. तो झाला की जिजी सुरतेला जाणार, घर विकणार. गिऱ्हाईकही मनोजनं ठरवून टाकलं. अंगणात तेव्हा पाच कुत्री होती आणि हातात एक महिना. जिजी पिसाटल्यासारख्या दारोदार बसत सुटल्या. चौघांची सोय लागली. राहिला एकतीस नंबर. म्हातारा, तीन पायांचा, एक कान फाटका. घाटात त्याला ह्यांनीच उचललेलं. त्याला मागायलाच कुणी येईना, तर जिजी बसणार कुणाच्या दारात?

आणि एका पहाटे बिबड्यांच्या पिठाचं पातेलं घेऊन मी बाहेर आले, तर माझ्याच ओट्यावर गोणपाट! त्यावर जिजी!

मी पापड, कुरडया, बिबडे करून विकते. बिबडे म्हणजे ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाचे पापड, गच्चीवर कपड्यावर थापून वाळवायचे. कुत्र्यांचा आणि माझा उभा दावा. एका वर्षी अकरा नंबरनं माझ्या वाळवणावरून चालत जाऊन प्रत्येक बिबड्यावर शिक्का मारला होता.

"जिजी, मी कुत्रं मांगं नई!"

"मन्हासंगे बोलू नको."

अस्सं! मग मीही ठरवलं. नापासच व्हायचं. असं सणसणीत नापास व्हायचं की ह्या बाईनं पुन्हा माझ्या ओट्याकडे बघता कामा नये. पाणी दिलं नाही. नाश्ता दिला नाही. जाता-येता भांडी आपटली. दुपारी आदल्या दिवशीची वाळकी भाकर थाळीत टाकली आणि वर म्हटलं, "ल्या!" आतून मला इतकी लाज वाटत होती की मी स्वतः जेवायला बसलेच नाही.

शेवटचा बिबडा थापून मी खाली आले तेव्हा हात कोपरापर्यंत पिठानं बरबटलेले, कंबर मोडलेली, घरात कुणी नाही. हे जीपवर. लेक लग्न होऊन नाशकात. मी चहा टाकला, सवयीनं दोन कप झाला, आणि एक कप जिजींपुढे ठेवून मी ओट्यावरच बसले. बसले ती बोलायलाच लागले. कंबरेचं बोलले. लेकीचं बोलले, की फोन करते पण बोलता बोलता दुसऱ्याच कुणाशी बोलत असते. संध्याकाळी दोन माणसांचा स्वयंपाक करायला किती जिवावर येतं ते बोलले. समोरचं माणूस उत्तर देत नसलं की किती बोलता येतं, बाई! मध्येच माझे डोळे भरून आले, ते पुसताना तोंडाला पीठ लागलं.

जिजी उठल्या. अजून तर ऊन होतं. गोणपाट झटकलं.

"पास."

"आँ? अहो जिजी, मी शिळी भाकर दिली तुम्हले!"

"तू नापास व्हवाले बठेल व्हती, माले मालूम शे," त्या म्हणाल्या. "पन तीन वाजता तू मन्हाजोडे यीसन बठनी."

मी आत घड्याळ बघून आले. साडेतीन होत होते. दुसऱ्या दिवशी एकतीस नंबर लंगडत आमच्या ओट्यावर चढला. अखाजी झाली आणि जिजी मनोजच्या गाडीत बसल्या. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, कुत्र्याकडेही पाहिलं नाही. फक्त म्हणाल्या, "नाव ठीय त्यानं."

नाव ठेवलं, सरपंच. दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे तसंच बघतो. बिबड्यांना पाय लावत नाही. कावळा उतरला तर गच्चीवर तीन पायांनी असा काही चढतो की हे म्हणतात माझी जीपसुद्धा घाट अशी चढत नाही. शेजारच्या घरात नवे लोक राहायला आले. त्यांनी अंगणात फरशी घातली. पहिले पहिले जिजींचा फोन रोज यायचा. जिजी सांगायच्या, सूनबाईनं माझ्यासाठी वेगळा पंखा लावला, वेगळी खोली आहे, खिडकीतून पूल दिसतो. मी म्हणायची, वा, चांगलं झालं हो. मग फोन आठवड्यानं यायला लागला. त्यात त्या सरपंचाचं विचारायच्या आणि फोन ठेवायच्या.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात मी पिठाचा डबा कमरेवर घेऊन गिरणीतून येत होते. आमच्या ओट्यावर सरपंच बसला होता. आणि त्याच्या शेजारी, गोणपाटावर, हिराजिजी.

ह्यावेळी डबा खरंच सुटला. पायरीवर पीठच पीठ.

जिजींच्या बाजूला एक पिशवी होती. केस विस्कटलेले, सुरतेहून नंदुरबारला गाडीनं आणि तिथून एसटीनं एकट्या आलेल्या. सरपंचानं मान त्यांच्या मांडीवर टाकलेली, आणि त्या त्याच्या फाटक्या कानावरून बोट फिरवत होत्या. पूर्वी त्या कधी कुठल्या कुत्र्याला असा हात लावायच्या नाहीत.

"जिजी!" मी विचारलं. "मनोज... घरमा काही व्हयनं का? कोनी काही बोलनं का तुम्हले?"

"नई वं. कोनी वाईट नई शे तठे," त्या शांतपणे म्हणाल्या. "पोऱ्या चांगला. सून चांगली. गादी शे, पंखा शे." मग कान कुरवाळतच म्हणाल्या, "पन तठे बी तीन वाजनात, सरला."

मी पिठात उभी. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी शेजारच्या घराकडे पाहिलं. नव्या लोकांनी फाटकाला कुलूप लावलं होतं. जिजींना जायला आता तळोद्यात घर नव्हतं, हे मला तेव्हा लखकन कळलं.

"मंग आते कोनाकरता बठनात, जिजी?" मी विचारलं. "सरपंचनं तर व्हई गयं."

जिजींनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. शंभर पोरींना गप करणारी ती बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"मन्हाकरता," त्या म्हणाल्या. "सांज लगून बठसू. तुले जमनार नई तर तसं सांग. मी राग धरनार नई."

बिबड्यांचे डबे ठेवायची माझी मागची खोली आहे. लेकीची होती ती. मी आत गेले, तिची कडी काढली, खिडकी उघडली. डबे एकावर एक उचलून स्वयंपाकघरात आणले. घाईत एक डबा पडला, बिबड्यांचा चुरा झाला. होऊ दे म्हटलं.

मग घड्याळाकडे पाहिलं. पावणेतीन झाले होते. मी दोन कप चहाचं आधण ठेवलं आणि ओट्यावर जाऊन त्यांच्या शेजारी बसले.