एक मांजू कमी

शिक्षकखोलीतल्या टेबलांवर एकेक मांजू ठेवत कुरामोचीबाई शेवटच्या टेबलापाशी पोचल्या आणि खोक्यात हात घातला, तर खोकं रिकामं.

बाईंनी खोकं उलटं करून पाहिलं. मग झाकण उलटं करून पाहिलं. मांजू, म्हणजे लाल चवळीचं गोड पुरण भरलेला छोटासा वाफवलेला बन, ही काही झाकणाला चिकटून राहणारी वस्तू नव्हे, हे त्यांना ठाऊक होतं. तरी पाहिलं.

हिशेब तसा चोख होता. शालेय नेतृत्वाच्या पदव्युत्तर वर्गाबरोबर बाई दोन दिवस कानाझावाला चर्चासत्राला गेल्या होत्या आणि तेवढे दिवस त्यांची पाचवी इतरांनी आळीपाळीने सांभाळली होती. अशा वेळी परतताना प्रत्येक टेबलासाठी खाऊ आणायचा, हा शाळेतला न लिहिलेला नियम. लिहिलेले नियम मोडले तर समज मिळते. हा मोडला तर पुढच्या बदलीपर्यंत नाव निघतं. म्हणून बाईंनी कानाझावाच्या फलाटावर डोळे मिटून एकेका टेबलावरचं माणूस आठवत मोजणी केली आणि बरोबर तेवढ्या मांजूंचं खोकं घेतलं. गोड म्हणजे बाईंचा जीव की प्राण. स्वतःच्या वाटणीचा मांजू त्यांनी गाडी सुटायच्या आधीच संपवला.

मोजणीत चूक नव्हतीच. फक्त बाई कानाझावात असताना इकडे आकाहोरी नावाची एक मुलगी बदली शिक्षिका म्हणून रुजू झाली होती आणि खिडकीजवळच्या इतके दिवस मोकळ्या टेबलावर तिचा कप, तिची पेन्सिल आणि तिचं छोटं निवडुंग येऊन बसलं होतं.

एरवी बाई हसून "चुकलं हं" म्हणाल्या असत्या. पण आज दुपारी प्राध्यापक मिनागावा येणार होते. अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षी शिक्षकाने आपल्याच शाळेत एक प्रयोग करायचा असतो आणि प्राध्यापक तो डोळ्यांनी पाहायला येतात. बाईंच्या प्रयोगाचं नाव होतं 'कुणीही मागे न राहणारी शिक्षकखोली'. त्या खोलीत सर्वांत नवी, सर्वांत तरुण मुलगी आजच्याच दिवशी मागे राहणार होती.

बाईंची नजर खोलीभर फिरली आणि समोरच्या टेबलावर थांबली. ते उपमुख्याध्यापक ओनोदेरा सरांचं. सर बाहेर फाटकापाशी बर्फ उपसत होते. सर गोड खात नाहीत, हे अख्ख्या शाळेला माहीत होतं. कुणी काही आणलं की "मला चालत नाही हो" म्हणून शेजारच्याला देऊन टाकायचे. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, सरांच्या टेबलावरचा मांजू उचलला आणि निवडुंगाशेजारी ठेवला.

खरं तर त्या शाळेत नाराज करू नये असा एकच माणूस होता आणि तो हाच. बाईंना नेतृत्व शिकायचं होतं, करायचं नव्हतं. उपमुख्याध्यापक म्हणजे सगळ्यांच्या आधी येऊन कुलूप उघडायचं, सगळ्यांच्या नंतर लावायचं, मधल्या वेळात पालकांचे फोन, तुंबलेली गटारं आणि शाळेत शिरलेलं रानडुक्कर. हल्ली या खुर्चीला कुणी तयार होत नसे. ओनोदेरा सर सात वर्षं तिच्यात बसले होते आणि गेल्याच आठवड्यात त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितलं होतं, की मला पुन्हा साधा वर्गशिक्षक करा.

मुख्याध्यापक तोकुनागांनी लगेच कुरामोचीबाईंना बोलावलं होतं. "ओनोदेरा सरांनी शुक्रवारपर्यंत विचार बदलला नाही, तर तुमचं नाव पाठवतो."

"माझं? अहो, मी नुसती शिकतेय!"

"म्हणूनच तर. या अभ्यासक्रमाला असलेल्यांना उपमुख्याध्यापकाच्या परीक्षेतून सूट आहे."

ही सूट बाईंना प्रवेश घेण्याआधी कुणी सांगितली नव्हती. आणि आज शुक्रवार होता.

ओनोदेरा सर चष्म्यावरची वाफ पुसत आत आले. आपल्या टेबलाकडे पाहिलं. शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. पुन्हा आपल्या टेबलाकडे पाहिलं आणि बसून फोन उचलला. तेवढ्यात आकाहोरी चिवचिवली, "अय्या! मलासुद्धा? मी तर आत्ता परवा आले!"

सगळ्यांनी कौतुकाने मान वर केली. आता नव्या मुलीलासुद्धा मिळालाय म्हटल्यावर साहजिकच सगळ्यांच्या नजरा टेबलं मोजत गेल्या आणि समोर येऊन थबकल्या.

पहिल्या तासानंतर शाळेच्या परिचारिका हातानोबाईंनी कुरामोचीबाईंना व्हरांड्यात गाठलं.

"काय गं, भांडण झालं का तुमचं?"

"छे हो! ते गोड खात नाहीत ना, म्हणून..."

"न खाणं वेगळं आणि न मिळणं वेगळं. आधीच जातो जातो म्हणतोय तो बिचारा. त्यात तू नेतृत्व शिकतेस म्हणे!"

कुरामोचीबाई तशाच वर्गावर गेल्या. दुसऱ्या तासाला त्यांनी पाचवीला अपूर्णांक दिले आणि स्वतः फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मधल्या सुट्टीत कुणाकडून तरी एक मांजू मागून आणायचा आणि गुपचूप ठेवायचा, असं ठरलं. सुट्टीत धावत येऊन पाहतात तो सरांच्या टेबलावर एक मांजू होताच. हातानोबाईंचा असणार. बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

तिसऱ्या तासानंतर तिथे चार होते.

या खोलीत कुणी कुणाला काही सांगत नसे. ज्याला त्याला वाटलं, की हे फक्त आपल्याच लक्षात आलंय. सर फोनवर पाठमोरे झाले की एक जण, छपाईच्या यंत्राकडे गेले की दुसरा. आपल्या आधी कुणी ठेवलाय हे दिसलं तरी हातातला परत नेणं बरं दिसेना. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सरांच्या टेबलावर मांजूंची रास झाली आणि बाकी सगळी शिक्षकखोली कोरडी पडली. आकाहोरीनेही सगळे ठेवतायत म्हणून आपला ठेवला. ज्याच्यासाठी एवढा उपद्व्याप झाला तो मांजू फिरून पहिल्या जागी पोचला होता.

सरांनी बाईंना हळूच बोलावलं. राशीमुळे फक्त चष्मा दिसत होता.

"कुरामोचीबाई, खरं सांगा. माझ्या तब्येतीबद्दल कुणी काही बोललंय का? परवा तपासणी झाली, निकाल अजून मला कळवला नाहीये."

"नाही सर, तसं काही नाही!"

"मग मला सगळे असे का बघतायत? शिपाई इसोबेसुद्धा आज म्हणाला, 'जपा.' म्हणजे काय जपा?"

बाई तोंड उघडणार, तोच दारातून मुख्याध्यापकांबरोबर प्राध्यापक मिनागावा आत आले. त्यांनी राशीकडे पाहिलं.

"वाढदिवस आहे का यांचा?"

मुख्याध्यापकांना कशाचाच पत्ता नव्हता, पण पाहुण्यासमोर तसं म्हणायची पद्धत नाही. "आमच्याकडे असंच असतं," ते म्हणाले.

प्राध्यापकांनी वही काढली. हातानोबाईंना विचारलं, "तुम्हाला हे ठेवायला कुणी सांगितलं?"

"सांगायचंय काय त्यात? त्यांच्याकडे नव्हता, म्हणून ठेवला."

"आणि तुम्हाला?"

"त्यांच्याकडे नव्हता ना," आकाहोरी म्हणाली.

प्राध्यापकांचा चेहरा उजळत गेला. "सूचना नाही, सभा नाही, परिपत्रक नाही! बाई, एका वर्षात हे उभं केलंत तुम्ही?"

"सर, खरं सांगायचं तर माझ्या चुकीमुळे..."

"बघा! श्रेयसुद्धा घ्यायला तयार नाहीत," प्राध्यापक मुख्याध्यापकांना म्हणाले आणि तेही लिहून घेतलं.

शाळा सुटल्यावर, प्राध्यापक गेल्यावर, बाई मान खाली घालून ओनोदेरा सरांसमोर उभ्या राहिल्या. "सर, तुमचा मांजू मीच उचलला. एक कमी पडला होता."

"मला वाटलंच." सर एका मांजूचा कागद काढत होते. शेजारी चार रिकामे कागद नीट घडी करून ठेवले होते. "एक नेहमीच कमी पडतो हो. कुणीही कुठूनही आणू दे, एक माणूस मोजायचं राहतंच. मी या खुर्चीत बसलो त्या पहिल्याच महिन्यात कमी पडला, तेव्हा आणणारीला रडू फुटलं होतं. मग म्हटलं, आपण गोड खात नाही असं सांगून टाकावं. प्रश्नच मिटला."

"म्हणजे तुम्हाला आवडतं?"

"जीव आहे माझा," सर तोंडात मांजू असताना म्हणाले. "सात वर्षांनी खातोय. मला वाटायचं, या खोलीत कुणाचं माझ्याकडे लक्षच नाही. आज कळलं, आहे. आत्ताच तोकुनागा सरांना सांगून आलो, राहतोय मी इथेच."

बाईंना इतका आनंद झाला, की डोळ्यांत पाणी आलं. तिथेच नाचावं असं त्यांना वाटलं. सुटका झाली होती.

"आणि हे तुमच्यामुळे झालं, हे मी विसरणार नाही," सर पुढे म्हणाले. "नदीपलीकडच्या शाळेत उपमुख्याध्यापकाची जागा रिकामी होतेय. मी तुमचं नाव सुचवलं. प्राध्यापक तर म्हणाले, दुसरं नाव शोधूच नका. तोकुनागा सरांनी लगेच फोन लावला."

"सर, पण मला..."

"आभार नकोत," सर म्हणाले आणि त्यांनी बाईंपुढे एक मांजू सरकवला. बाईंनी तो उभ्याउभ्याच खाल्ला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्यातलं पुरण गोड लागलं नाही.

एप्रिलमध्ये कुरामोचीबाई नदीपलीकडे रुजू झाल्या. टेबल समोरचं, तोंड सगळ्यांकडे. कुलूप, फोन, गटार, सगळं सांगितल्याप्रमाणे होतं. थोड्याच दिवसांत व्यायामाचे तरुण शिक्षक मुलांना स्पर्धेला नेऊन परतले आणि सकाळी खोकं घेऊन टेबलांमधून फिरू लागले. ताज्या पुरणाचा वास बाईंपर्यंत पोचला. त्यांनी टेबलावरचे कागद सारून जागासुद्धा केली.

शिक्षक बाईंच्या टेबलापाशी आले आणि थांबले. त्यांनी खोकं उलटं करून पाहिलं. मग झाकण उलटं करून पाहिलं. त्यांचे कान लाल झाले.

"बाई, माझं काहीतरी... तुम्ही नव्यानेच आलात ना, मोजताना..."

"अहो, राहू द्या!" कुरामोचीबाई सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, म्हणजे पुन्हा सांगावं लागणार नव्हतं. "मला गोड चालत नाही."