हिरवं बारसं

तुम्ही कधी नातवाचं बारसं हिरव्या रंगात पाहिलंय का? मी पाहिलंय. आवाज मात्र अगदी स्वच्छ होता.

नव्व्याण्णव साली आमच्या यजमानांनी, म्हणजे टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेल्या वेणुगोपाळरावांनी, घरच्या कॉम्प्युटरमधलं विंडोज काढून लिनक्स घालायचं ठरवलं. मासिकासोबत तबकडी फुकट आली होती. मला विचारलं, मी हो म्हटलं. (मला वाटलं, जंतांच्या औषधासारखं काहीतरी असेल.)

आठवड्याभरात न्यू जर्सीहून आमच्या सेतूचा फोन. "अम्मा, बारशाची फिल्म इंटरनेटवर घातलीय. ऑफिसचं मशीन आहे, तुमच्या शुक्रवार संध्याकाळपर्यंतच राहील. बघून घे."

आम्हा तमिळ मुलखातल्या मराठी लोकांच्या घरांत बाळाच्या कानात नाव सांगायचा मान बापाच्या आईचा. तिकडे तो विहीणबाईंनी घेतला. निदान डोळ्यांनी तरी बघावं, म्हणून गुरुवारी राहूकाळ सरल्यावर मी समई लावली, आरतीचं तबक भरलं, शेजारच्या अलमेलूला बोलावलं.

पडदा हिरवा झाला. हिरवाच राहिला. आत बाळ रडलं, बायका गायल्या, विहीणबाई खोकल्या.

"अक्का, पोर गोरं की सावळं?" अलमेलूने विचारलं.

"हिरवं," मी म्हटलं.

यजमान तापले. "ही फिल्म एका कंपनीच्या पद्धतीने बांधलीय. उघडायची रीत ती कोणाला सांगत नाही. आमचे लिनक्सवाले जगभर बसून ती शोधतायत. त्यातल्या फिनलंडच्या एका माणसाला आणि बाकी सगळ्यांनाही आत्ताच लिहितो, फिल्मचा पत्ताही देतो."

"उद्याच्या आत शोधतील?"

"स्वातंत्र्याला वेळ लागतो!"

"पोराला मोठं व्हायला लागत नाही वो."

अलमेलू म्हणाली, "महामहम तलावाजवळ ब्राउझिंग सेंटर आहे की! तिथे विंडोज आहे. पाच मिनिटांचं काम."

"माझा नातू बघायला त्या कंपनीच्या दारात जायचं?" यजमान कडाडले.

आणि मीही (बुद्धी जाते ती अशी) मान हलवली. "पोराचं तोंड पहिल्यांदा बघायचं, ते दुकानात? समई नाही, आरती नाही..."

शुक्रवारी मात्र राहवेना. चांगली साडी नेसून निघाले, तर साडेदहा वाजलेले. राहूकाळ लागला, त्यात आम्ही उंबरा ओलांडत नाही. बारापर्यंत दारातच बसले. बाराला आतून हाक आली, "अगो, फिनलंडहून नवी फाईल आली! अर्धा तास थांब."

थांबले. तीस वर्षं थांबतेच आहे, त्यात अर्धा तास तो काय? त्या अर्ध्या तासाचे सहा तास झाले. पडदा हिरव्याचा जांभळा झाला आणि मग फिल्मच नाहीशी झाली.

यजमान मात्र खूश. सात देशांतून उत्तरं आली होती. त्यांनी मला एकेक वाचून दाखवलं. सगळ्यांचा मजकूर साधारण एकच: "बाळ फार गोड आहे. लिनक्सवर दिसत नाही हे खरं. आम्ही विंडोजवर पाहिलं."

मी तबकातला कापूर काढून डबीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अलमेलू कढीपत्ता मागायला आली आणि म्हणाली, की काल तिने तलावाजवळ जाऊन बारसं पाहिलं. पोर अगदी माझ्यासारखं आहे, फक्त दिसायला बरं.