तिसऱ्या मजल्यावरचं दार

आठ महिने रखडलेली कथा कासवाने सोमवारी जेवणाच्या सुट्टीत एकदाची संपवली, आणि आनंद व्हायच्या ऐवजी तिला मोठी जांभई आली.

कासव हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. ती लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत तक्रारी नोंदवायची आणि तपासणीचे अहवाल टाइप करायची. सकाळी नऊपासून लोक तिला फोन करून आपण कोणत्या दोन मजल्यांच्या मध्ये लटकलो आहोत ते सांगत, आणि ते तिच्यामुळेच झाल्यासारखं ओरडून सांगत. हे सगळं निस्तरून जो काही जीव उरे, त्यात ती कथा लिहायची. म्हणजे दिवसाला दोन ओळी, त्यातली एक दुसऱ्या दिवशी खोडायची. एका साहित्याच्या साइटवर ओळख होऊन जमलेल्या तिच्या मित्रमंडळींनी हा वेग पाहूनच तिला हे नाव बहाल केलं होतं.

मंडळी तिघंच. पार्सलच्या गोदामात काम करणारा एक जण रोज सकाळी ऐतिहासिक कादंबरीचा एक भाग टाकायचा, आजवर दोनशे बारा भाग झाले होते, म्हणून तो कारखाना. औषधांच्या दुकानात बसणारी आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा कविता करणारी ती औषधवाली. आणि शिकवणीच्या क्लासमध्ये भूगोल शिकवणारा मास्तर. त्याने दोन वर्षांत स्वतः एक ओळ लिहिली नव्हती, पण इतरांनी काय लिहायला हवं होतं हे तो न चुकता सांगायचा. चौघं कधी प्रत्यक्ष भेटले नव्हते. तरी दिवसभर त्यांच्या ग्रुपवर एकमेकांची सालं काढणं चालू असायचं.

"कासवा, आज मान बाहेर काढलीस की नाही?" मास्तर विचारायचा.

"दोन ओळी झाल्या."

"अगं, तेवढ्यात माझ्या दोन राण्या मेल्या," कारखाना म्हणायचा.

"मला आधी सांगायचंस ना," औषधवाली म्हणायची. "औषध पाठवलं असतं. राजाला."

थट्टा कितीही चालो, ग्रुपचा एक नियम मात्र पक्का होता. एकमेकांचं लेखन अक्षर न् अक्षर वाचायचं आणि खाली अभिप्राय द्यायचा. कासवाला याच नियमाचा आधार होता. बाकी जगाने तिची कथा वाचली नसती तरी तिचं काही बिघडत नव्हतं, पण या तिघांनी ती नीट वाचावी एवढ्यासाठी तिने आठ महिने जीव आटवला होता.

तर सोमवारी तिच्या कॉम्प्युटरवर दोन फाइली उघड्या होत्या. एकीचं नाव 'अंतिम', दुसरीचं 'अंतिम नवीन'. एक कथा होती, दुसरा एका इमारतीच्या लिफ्टचा चार पानी अहवाल. साइटवर शीर्षक टाइप केलं, 'रिकामी खोली', आणि नेमका फोन वाजला. पलीकडे एक गृहस्थ पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये होते.

"मी किती वेळ असा उभा राहू?"

"काका, खाली बसा ना. माणूस निघालाय."

"निघालाय म्हणजे कुठून निघालाय?"

त्या काकांना धीर देता देता तिने एक फाइल साइटवर चढवली, दुसरी इमारतीच्या सचिवांना मेलने पाठवली, आणि गार झालेला डबा उघडला.

चारच्या सुमारास अभिप्राय यायला लागले. औषधवालीने लिहिलं होतं, "रडले गं! त्या बाईचं एकटेपण किती हळुवार मांडलंयस!" मास्तरने तर निबंधच लिहिला होता. "संयत लेखन. एकही शब्द जास्तीचा नाही. लेखिका भावनेला जवळपास फिरकूही देत नाही." कासवाला भरून आलं. आठ महिन्यांचं चीज झालं असं तिला मनापासून वाटलं. शेवटी कारखान्याची एकच ओळ होती, "तिसऱ्या मजल्यावरचं दार लवकर नीट करून घे, कोणीतरी पडेल."

तिच्या कथेत तिसरा मजलाच नव्हता. कारखाना आपल्याच राजवाड्यात भटकत असणार असं समजून तिने उत्तर दिलं, "राण्या पडतील त्यातून. तुझंच काम हलकं होईल." आणि ती समाधानाने घरी गेली.

मंगळवारी सकाळी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या हातात एक कागद होता आणि चेहऱ्यावर फार न झोपलेल्या माणसाचा भाव.

"त्या इमारतीच्या सचिवांचं पत्र आलंय," ते म्हणाले. "तुम्हीच वाचा. माझं वाचून झालंय, पण कळलेलं नाही."

सचिव म्हणजे विम्याचे अर्ज तपासण्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेले गृहस्थ. हातात आलेला कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या सहीपर्यंत वाचल्याशिवाय ते खाली ठेवत नसत. त्यांनी लिहिलं होतं:

"आपला अकरा पानी अहवाल मिळाला. पुढील बाबींचा खुलासा व्हावा. पान दोन: सदर बाईंना अपत्य नाही असे म्हटले आहे, मात्र पान सातवर मुलाचे पत्र येते. पान चार: खोलीची खिडकी पूर्वेला आहे, तरी संध्याकाळचे ऊन आत कसे? पान नऊ: बाई रडतात, कारण नमूद नाही. पान अकरा: बाईंनी शेवटी दार उघडले किंवा कसे, हे स्पष्ट करावे. आमच्या घरातून याबाबत दोनदा विचारणा झाली आहे. लिफ्टचा उल्लेख कोठेही आढळला नाही. कळावे."

फाइलींची अदलाबदल झाल्याचं कासवाला आता कळलं.

"कोण आहे ही बाई?" साहेबांनी विचारलं. "आपल्या लिफ्टमध्ये अडकलीय का?"

"नाही साहेब."

"मग रडतेय कशाला? आणि दार उघडलं की नाही? अहो, आपल्या धंद्यात ही साधी गोष्ट नाही! आज संध्याकाळपर्यंत त्यांना खुलासा गेला पाहिजे. मुद्देसूद."

ती जागेवर आली आणि तिने साइट उघडली. 'रिकामी खोली' या शीर्षकाखाली लिफ्टचा अहवाल दिमाखात बसला होता. "दोरांना वंगण दिले. धोक्याची घंटा वाजत नाही. तिसऱ्या मजल्यावरचे दार पूर्ण मिटत नाही. पुढील तपासणीपर्यंत वापर जपून करावा." खाली त्रेपन्न अभिप्राय. मास्तरने रात्रीतून पुरवणी जोडली होती, "लिफ्ट हीच ती रिकामी खोली. न वाजणारी घंटा म्हणजे आपला सगळ्यांचा दबलेला आवाज." त्याच्यावर विसंबून बाकीचे वाहवा करत सुटले होते, आणि साइटने त्या अहवालाला आठवड्याची निवड म्हणून सर्वांत वर चढवलं होतं.

तिने घाईघाईने खाली लिहिलं, "माफ करा, हा चुकून टाकलेला लिफ्टचा अहवाल आहे. कथा वेगळी आहे." पाच मिनिटांत एका अनोळखी वाचकाचं उत्तर आलं, "ही टीपसुद्धा कथेचाच भाग आहे, हे किती जणांच्या लक्षात आलं?" एकोणीस जणांच्या लक्षात आलं होतं.

कासवाने डोकं टेबलावर टेकवलं. फोन वाजत होता, तो तिने वाजू दिला. मग मान वर करून ग्रुपवर लिहिलं, "तुमच्यापैकी कोणी काय वाचलंत ते सांगा. खरं सांगा."

आधी औषधवाली म्हणाली, "दुकानात गर्दी होती गं. सगळ्यांना खोकला. पण शीर्षक वाचून मला खरंच रडू आलं, शप्पथ."

"मी वाचलं," मास्तर म्हणाला. "आणि मतावर ठाम आहे. आपण काय लिहून गेलो हे लेखकाला कळतंच असं नाही."

"अरे, ते मी लिहिलेलंच नाही! आमच्या तंत्रज्ञाने लिहिलंय! तो फक्त स्पॅनर घेऊन जातो!"

"मग त्याला लिहिता येतं असं म्हण."

आता मात्र कासवाचा तोल गेला. "आठ महिने! आठ महिने मी मरमर मरले आणि तुम्ही चार पानं वाचू शकत नाही? एका परक्या म्हाताऱ्याने माझी अकरा पानं वाचून पूर्व-पश्चिम तपासली! त्याच्या बायकोने वाचलं! माझे मित्र कोण आहेत, तुम्ही की ते?"

"मी वाचलं होतं," कारखान्याने लिहिलं. "दोनदा. म्हणून तर दाराचं म्हटलं."

"मग हे काय आहे, असं विचारलं का नाहीस?"

"आठ महिने खपलीस म्हटल्यावर विचारायला जीव होईना. वाटलं, पुढच्या भागात उलगडेल." आणि मग त्याने आणखी एक ओळ टाकली. "तू माझे दोनशे बारा भाग वाचतेस. मी तुझी चार पानं नाही वाचणार?"

कासवाने लिहिलं, "वाचते ना. अक्षर न् अक्षर," आणि फोन उलटा करून ठेवला.

दुपारभर तिने मुकाट्याने काम केलं. सचिवांना खरा अहवाल पाठवला, दाराच्या दुरुस्तीला माणूस लावला, आणि खुलाशाचं वेगळं पत्र टाइप केलं. मुलगा बाईंच्या बहिणीचा असल्याचं पान दोनवर सांगायचं राहून गेलं. खिडकी चुकली, ती पश्चिमेला समजावी. रडण्याचं कारण बाईंनाही ठाऊक नाही. दार उघडलं. शेवटचं वाक्य टाइप करताना तिला कळलं की आपली कथा आत्ता कुठे पुरी झाली.

घरी आल्यावर ती चपलांसकट कोचावर आडवी झाली.

"काय गं, बरं नाही का?" आईने विचारलं.

"बरी आहे. थोडं वाचायचंय."

"काय?"

"दोनशे बारा भाग."

आईने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि चहा ठेवायला गेली.

खरं काय होतं, ते कासवाला चांगलंच ठाऊक होतं. कारखान्याचे पहिले तीन भाग तिने वाचले होते. पुढे भाग रोज येऊ लागले आणि लिफ्टही रोज अडकू लागल्या, तेव्हा ती भागाची शेवटची ओळ बघायची, त्यातलं एखादं पात्र उचलायची आणि त्याचं कौतुक करून मोकळी व्हायची. दोनशे बारा भागांखाली तिचे दोनशे बारा अभिप्राय होते. एकाही दिवशी तिने खाडा केला नव्हता.

ती चौथ्या भागापासून वाचायला लागली. कादंबरी वाईट नव्हती. राजा जरा बोलघेवडा होता, पण सेनापती झकास होता, आणि वाचता वाचता चहा गार झाला. एकेचाळिसाव्या भागात ती मध्येच अडखळली. तिथे असं लिहिलं होतं:

"सेनापती म्हणाला, 'महाराज, शत्रू वेशीपर्यंत आला आहे.' इथपर्यंत कोणी खरंच वाचत असेल तर खाली फक्त 'हो' लिहा, मला बाकी काही नको. राजा म्हणाला, 'येऊ द्या.'"

खाली सतरा अभिप्राय होते. 'हो' एकही नव्हता. सगळ्यांत वर तिचाच, साडेपाच महिन्यांपूर्वीचा, "या भागातला राजा काळजाला भिडला! असंच लिहीत राहा!"

कासवाला इतकी लाज वाटली की तिने उठून आधी चपला काढल्या. मग खाली बसून 'हो' लिहिलं.

दोन मिनिटांत कारखान्याचा निरोप आला. "एकेचाळीस? वेग बरा आहे. पुढच्या भागात सेनापती मरतो, मन घट्ट कर. साठाव्या भागात तू लिहिलंयस की सेनापती नेहमीप्रमाणेच लाजवाब."

"म्हणजे तुला माहीत होतं?" तिने विचारलं.

"केव्हापासूनच."

"मग बोलला का नाहीस रे?"

थोडा वेळ तो काही लिहीत होता, खोडत होता, पुन्हा लिहीत होता. एरवी दिवसाला हजार शब्द पाडणाऱ्या माणसाला एवढा वेळ लागलेला तिने कधी पाहिला नव्हता.

"बोललो असतो तर तू लाजून अभिप्राय द्यायचं बंद केलं असतंस," त्याने लिहिलं. "आणि मी ते सगळे वाचतो."

कासवाने डोळे पुसले आणि बेचाळिसावा भाग उघडला.