विला पाचे येथे विसावले

विला पाचेच्या वरच्या तीन खोल्यांत पाहुणे राहणार की हेझलनटची पोती, यावर एर्सिलिया आणि तिचा नवरा तुल्लिओ यांच्यात दोन वर्षं वाद चालू होता. तुल्लिओचं म्हणणं सरळ होतं. हेझलनट तक्रार करत नाहीत, त्यांना नाश्ता लागत नाही आणि ते मधेच सामान आवरून निघून जात नाहीत. पाहुणे तिन्ही गोष्टी करतात.

तिसरा मुद्दा तर एर्सिलियालाही मान्य होता. मे महिन्यात डेन्मार्कचं एक जोडपं आठवडाभर शांतता उपभोगायला आलं. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या द्राक्षमळ्यात गारांचे ढग फोडायची तोफ उडाली आणि जोडपं ढगांच्या आधी पांगलं. जूनमध्ये मिलानची एक बाई आली, ती गावच्या बँडची तालीम ऐकून गेली. बँड वाईट वाजवत होता असं नाही. त्याला एकच धून येत होती आणि ती अंत्ययात्रेची होती. कास्तेल ग्रिल्लो या गावाची वस्ती चारशे. वर्षाला लग्न एक आणि अंत्ययात्रा वीस. बँडनं मागणीप्रमाणे तयारी ठेवली होती.

"तिसरा पळाला," तुल्लिओ म्हणाला, "की पोती वर."

"आणि नाही पळाला तर?"

"तर पोती खाली." तुल्लिओचं बोलणं सहसा पोत्यांच्या पलीकडे जात नसे.

तिसरा सप्टेंबरच्या एका सोमवारी संध्याकाळी आला. तुरीनचे इंजिनिअर लोविझोलो. उंच, वाळके, डोळ्यांखाली द्राक्षाच्या रंगाची वर्तुळं. त्यांनी बॅग खाली ठेवण्याआधी अटी सांगितल्या.

"मी चाळीस वर्षं कारखान्यात मोटारींचे हॉर्न तपासले. रोज चारशे. गेल्या सहा महिन्यांत एक तास सलग झोपलेलो नाही. डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली आहे. उद्यापासून दहाव्या दिवशी सकाळी जाईन. त्याआधी दोन आवाज माफ करीन. तिसऱ्याला निघेन."

"इथं कसला आवाज, इंजिनिअरसाहेब!" एर्सिलिया म्हणाली.

"आणि फुलं नकोत. मला शिंका येतात."

"शिंक आवाजात धरायची का?" तुल्लिओनं विचारलं. त्याला हिशेब पक्का हवा होता.

"माझी नाही," इंजिनिअर म्हणाले आणि वर गेले.

आता चारशे माणसांना दहा दिवस गप्प बसवायचं होतं. घरोघरी जाऊन सांगावं तर त्यातच दहा दिवस गेले असते. पण कास्तेल ग्रिल्लोत चर्चच्या बाजूला एक भिंत होती आणि तिच्यावर जे लागे ते सगळं गाव वाचत असे. एर्सिलियानं छपाईवाल्या ओरेस्तेला फोन लावला. त्या भिंतीवरचा प्रत्येक कागद गेली एकतीस वर्षं ओरेस्तेच छापत होता.

"ओरेस्ते, एक कागद लावायचाय भिंतीवर."

"नाव?"

"इंजिनिअर लोविझोलो. तुरीनचे."

"वय?"

"असतील एकाहत्तर. का?"

"लागतं. आजार?"

"आजार नाही रे, थकवा. चाळीस वर्षांचा."

"म्हणजे दीर्घ."

"हो, दीर्घच म्हणायचा."

"कधी?"

"आज संध्याकाळीच. आमच्याकडे, विला पाचेत. विश्रांती हवी, बाकी काही नको. लोकांना म्हणावं, शांतता राखा."

"ते असतंच."

"आणि फुलं नकोत."

"तेही असतं. हल्ली सगळेच घालतात."

"सकाळपर्यंत लागेल ना?"

"एर्सिलिया, माझा कागद कधी उशिरा लागलाय? या कामात माणसं थांबत नाहीत."

एर्सिलियानं फोन ठेवला. इतकी नवी गोष्ट आणि ओरेस्तेला एकदाही समजावून सांगावी लागली नाही, याचं तिला कौतुक वाटलं.

मंगळवारी सकाळी भिंतीवर कागद लागला तो असा:

दीर्घ थकव्यानंतर
इंजिनिअर लोविझोलो
वय ७१
सोमवारी संध्याकाळी विला पाचे येथे विसावले.
शांतता राखावी. फुलं आणू नयेत.

वर क्रूस होता आणि भोवती बोटभर जाड काळी चौकट. ओरेस्तेकडे दुसरी चौकट नव्हती; एकतीस वर्षं त्यानं मृत्यूचेच कागद छापले होते. शब्द सगळे एर्सिलियाचेच होते. त्यानं फक्त ते नेहमीच्या क्रमानं लावले. पाचे म्हणजे शांती. गावच्या स्मशानातल्या दर दुसऱ्या दगडावर हाच शब्द कोरलेला होता, पण विलाचं नाव ठेवणाऱ्या आजेसासऱ्यांनी त्या वेळी स्मशानाकडे पाहिलं नसावं.

नऊ वाजता इंजिनिअर गच्चीवर कॉफी पीत होते. चर्चची घंटा वाजायला लागली. इंजिनिअरनी कप खाली ठेवला. घंटा थांबेपर्यंत कॉफी गार झाली होती.

"एकाहत्तर," ते म्हणाले. "इथं आत्ता किती वाजलेत?"

"नऊ," एर्सिलिया म्हणाली. आणि त्यांचा चेहरा पाहून तिनं पुढे जोडलं, "जुनं घड्याळ आहे."

"एक," इंजिनिअर म्हणाले. एकाहत्तर टोलांचा त्यांनी एकच आवाज धरला, हे एर्सिलियाला उदारपणाचं वाटलं.

ती धावत स्वयंपाकघरात आली. गावात कोणी वारलं की वयाइतके टोल पडत.

"कोण गेलं रे?"

"एकाहत्तरचं तर कोणीच नाही," तुल्लिओ म्हणाला. "बेप्पे त्र्याहत्तरचा आहे."

"बेप्पे वय चोरतो."

"मेल्यावर पण?"

यावर बराच विचार करून दोघंही आपापल्या कामाला लागली.

दुपारी जेवणानंतर इंजिनिअर बागेत आले, अंजिराच्या झाडाखाली आरामखुर्ची पूर्ण आडवी केली, तोंडावर वर्तमानपत्र घेतलं, पोटावर हात जुळवले आणि झोप न येण्याची वाट पाहू लागले. तीनच्या ठोक्याला फाटक उघडलं. काळ्या कपड्यांतल्या अकरा बाया आत आल्या. पुढे पाल्मिरा, हातात सूपचं झाकलेलं पातेलं. गावातलं एकही मयत पाल्मिरानं चुकवलं नव्हतं. कोणाला कसं न्यायचं यात तिचा शब्द शेवटचा असे. जाणाऱ्याचंही तिच्यापुढे काही चालत नसे.

अंजिराखालचा देखावा पाहून ती थबकली.

"बाहेरच ठेवलंय," ती हळूच म्हणाली.

"आत उकडत असेल," मागची म्हणाली.

"आणि तोंडावर पेपर? घरात एक बरा रुमाल नव्हता?"

"पेपर कालचाय गं."

"त्यांना आता काय फरक पडतो!"

बाया गवतावर गुडघे टेकून बसल्या आणि जपमाळ सुरू झाली. एक म्हणे, दहा उत्तर देत. तोच सूर, तेच शब्द, धारेचं पाणी हौदात पडत राहावं तसं. पाचव्या मिनिटाला इंजिनिअरचे जुळलेले हात सैल झाले. दहाव्या मिनिटाला एक हात घसरून खाली लोंबला. पाल्मिरानं तो उचलून पुन्हा पोटावर ठेवला.

लिंबाच्या सरबताचा ट्रे घेऊन एर्सिलिया बाहेर आली ती याच वेळी. ओरडावं तर इंजिनिअर जागे होणार. म्हणून ती कुजबुजली.

"पाल्मिराताई, हे काय चाललंय?"

"धीर धर, पोरी."

"अहो, ते झोपलेत!"

"हो गं. असंच म्हणायचं असतं."

"तसं नाही, खरंच झोपलेत!"

"किती शांत दिसतायत," दुसरी म्हणाली.

"तुला दिसतायत कुठं? पेपर आहे," तिसरी म्हणाली.

एर्सिलियाला रडू यायला लागलं. पाल्मिरानं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि बाकीच्यांना म्हणाली, "बघा. एका दिवसाचा पाहुणा, आणि सख्ख्यासारखी रडतेय."

माळ पुढे सरकली. जरा वेळानं कडेची बाई म्हणाली, "पेपर हलतोय."

"वारा आहे."

"अंजिराचं पान हलत नाहीये."

पाल्मिरानं पानाकडे पाहिलं. "तू माळेकडे लक्ष दे."

मग पेपराखालून लांबलचक घोरणं आलं. सगळ्या बायांनी एर्सिलियाकडे पाहिलं.

"कुत्रा आहे आमचा," एर्सिलिया म्हणाली. विलात कुत्रा नव्हता, पण आता खरं सांगायला फार लांबून सुरुवात करावी लागली असती.

तुल्लिओ हे सगळं खिडकीतून बघत होता. त्याला एवढंच कळलं, की बागेत अकरा बाया आहेत आणि पाहुणा काही टिकत नाही. त्यानं पहिलं पोतं खांद्यावर घेतलं आणि जिना चढायला लागला. सातव्या पायरीवर पोतं फाटलं. तीस किलो हेझलनट दगडी जिन्यावरून एकेक पायरी मोजत खाली आले.

"दोन," पेपर म्हणाला.

जपमाळ थांबली. "कोण बोललं?" पाल्मिरानं विचारलं.

"मी," एर्सिलिया म्हणाली. "दोन माळा झाल्या, म्हटलं."

"एकच झालीय."

"मग आणखी एक म्हणा," एर्सिलिया म्हणाली. हे मात्र ती मनापासून म्हणाली. कारण पेपर पुन्हा एका लयीत वरखाली व्हायला लागला होता.

पाच वाजता बँड आला. पुढे फादर चेलेस्तीनो, मागे बँडमास्तर नेरिओ आणि त्याचे आठ वाजवणारे. एर्सिलिया हात पसरून फाटकाकडे धावली. नेरिओला ते दुःख वाटलं. दुःखाला बँडकडे एकच उत्तर होतं. कर्णा पहिल्याच सुराला चिरकला.

इंजिनिअर उठून बसले. पेपर गवतावर पडला.

"तीन," ते म्हणाले.

कोणी किंचाळलं नाही. बायांनी छातीवर क्रूस काढला. एकीनं आनंदानं हंबरडा फोडला. गावात चमत्कार व्हावा म्हणून तिनं एकवीस वर्षं मेणबत्त्या लावल्या होत्या. पाल्मिरा मात्र भडकली.

"उठलात?"

"बँड वाजला," इंजिनिअर म्हणाले.

"बँड उठवायला नसतो आणलेला! मी सूप केलंय. फादरांनी एकाहत्तर टोल दिले. आता हे सगळं मागे कसं घ्यायचं?"

इंजिनिअरनी एर्सिलियाकडे पाहिलं. एर्सिलियानं जमिनीकडे पाहिलं. शेवटी फादरांनी खिशातून भिंतीवरच्या कागदाची घडी काढून दिली. इंजिनिअरनी चष्मा लावला आणि हॉर्न तपासावा तशी एकेक ओळ तपासली.

"वय चुकलंय," ते म्हणाले. "एकोणसत्तर."

"आणि बाकी?" फादरांनी भीत भीत विचारलं.

"बाकी बरोबर आहे."

खिडकीतून तुल्लिओनं डोकं बाहेर काढलं. "तीन आवाज झाले," तो म्हणाला. त्याच्या खांद्यावर दुसरं पोतं होतं.

"झाले," इंजिनिअर म्हणाले. त्यांनी घड्याळ पाहिलं. बायांकडे पाहिलं. पुन्हा घड्याळ पाहिलं. एर्सिलियानं खाली पडलेला पेपर उचलून घडी घालायला घेतली. दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

"तिसरा आवाज माझ्या झोपमोडीचा आहे," इंजिनिअर सावकाश म्हणाले. "झोपमोड व्हायला आधी झोप लागावी लागते. सहा महिन्यांत माझी झोपमोड कोणालाही करता आलेली नाही. मी जवळजवळ दोन तास झोपलो होतो." ते पाल्मिराकडे वळले. "तुम्ही काय म्हणत होतात?"

"जपमाळ."

"पुन्हा कधी म्हणता?"

"मेलेल्यासाठी नऊ दिवस म्हणतात. आज पहिला."

"मी दहाव्या दिवशी निघतोय. बसतं."

पाल्मिरा गोंधळली. इतक्या वर्षांत तिला कोणी स्वतःसाठी बोलावलं नव्हतं. "फादर, जिवंत माणसासाठी चालते का?"

"त्याला जास्त गरज असते," फादर म्हणाले. दिलेले टोल वाया गेले नाहीत, याचं त्यांना समाधान होतं.

मग रोज तीन वाजता बाया येत राहिल्या. कपडे काळेच, कारण पाल्मिराच्या मते अर्धवट काम करू नये. इंजिनिअर हात जुळवून आडवे होत आणि पहिली माळ संपायच्या आत घोरायला लागत. पाचव्या दिवसापासून तर घोरण्याच्या लयीवर माळ चालू लागली. सहाव्या दिवशी बेप्पे दुसरी आरामखुर्ची घेऊन आला. पाल्मिरानं त्याचं खरं वय विचारल्यावर तो परत गेला. तोफ उडाली नाही. नेरिओनं नऊ दिवस कर्ण्याला हात लावला नाही, पण रोज संध्याकाळी फाटकाशी येऊन तो विचारून जाई, "अजून आहेत का?"

दहाव्या दिवशी सकाळी डोळ्यांखालची वर्तुळं इथेच सोडून इंजिनिअर पायी स्टेशनकडे उतरले. पाहुण्यांच्या वहीत त्यांनी लिहिलं होतं, 'इथे शांती लाभली. पुढच्या सप्टेंबरात वरच्या तिन्ही खोल्या घेईन. मित्रांना आणतो, त्यांनाही झोप नाही.' एर्सिलियानं ते पान तुल्लिओपुढे उघडून ठेवलं. तुल्लिओनं ते दोनदा वाचलं आणि पोतं उचललं.

"खाली?" तिनं विचारलं.

"खाली," तो म्हणाला.

आता गावाला एवढंच कळवायचं राहिलं होतं, की पाहुणा गेला, तोंडं उघडायला हरकत नाही. एर्सिलियानं ओरेस्तेला फोन लावला. या वेळी तिनं काळजी घेतली. एकच ओळ सांगायची, म्हणजे ओरेस्तेला गोंधळ घालायला जागाच नको.

"ओरेस्ते, कागद. इंजिनिअर लोविझोलो गेले."

"कधी?"

"आज सकाळी."

"त्रास काही?"

"छे. अगदी शांतपणे. आणि मागच्या वेळी वय चुकलं होतं. एकोणसत्तर आहे."

"बरं झालं सांगितलंस. अर्ध्या तासात लावतो."

खाली स्टेशनच्या बाकावर इंजिनिअर पावणेबाराच्या गाडीची वाट बघत होते. गाडी लांबच्या वळणावर दिसली, त्यांनी बॅग उचलली, आणि वर टेकडीवर चर्चची घंटा वाजायला लागली. त्यांनी बॅग पुन्हा खाली ठेवली आणि मोजायला सुरुवात केली. गाडी येऊन उभी राहिली. गार्डनं शिट्टी तोंडात धरली. इंजिनिअरनी हात वर करून त्याला थांबवलं.

एकोणसत्तराव्या टोलाला घंटा थांबली. ते आणखी क्षणभर ऐकत राहिले. नंतर काही आलं नाही.

"आता बरोबर आहे," ते गार्डला म्हणाले आणि गाडीत चढले.